टाक्या-टाक्यानं (९) : घडीचं कापड कोणत्या रंगाचं?

या आठवड्यात पेरूला जाऊ, असं मी म्हटलं होतं. पण तो बेत आणखी आठवडाभर पुढे ढकलतो, कारण नाशिकच्या एका वाचक ताईंच्या पत्रानं माझा जिव्हाळ्याचा विषय काढला आहे. त्यांच्या गोधडी शिवणाऱ्या गटाला आफ्रिकेतल्या मुलींसाठी काही शिवून पाठवायचं आहे. त्या विचारतात, "उरलेलं कापड चालेल का? आणि रंग कोणता घ्यावा?"

ताई, तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. मी पाळीच्या कापडी घड्या सुचवेन; आधी त्यांची गोष्ट सांगतो.

२००८ साली सेलेस्ट मर्जन्स या अमेरिकन बाई केनियात, नैरोबीजवळच्या एका अनाथाश्रमासाठी काम करत होत्या. निवडणुकीनंतरच्या हिंसाचारामुळे तिथं मुलांची दाटी झाली होती. पाळीच्या दिवसांत इथल्या मुली काय करतात, असं त्यांनी विचारलं. कळलं ते असं, की मुली खोलीतच राहतात, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बसून, पाळी संपेपर्यंत. आधी विकतचे पॅड दिले गेले. पण वापरलेले टाकायचे कुठे? आणि दर महिन्याला नवे आणायचे कुठून? मग धुऊन पुन्हा वापरायच्या कापडी घड्या शिवायचं ठरलं. त्यातून 'डेज फॉर गर्ल्स' ही संस्था उभी राहिली. आज देशोदेशीच्या गोधडीवाल्या बायका तिच्यासाठी मशीनवर बसतात.

सुरुवातीच्या घड्या पांढऱ्या होत्या आणि दिसायलाही पॅडसारख्याच. त्यांच्यावर डाग राहत. असलं कापड चारचौघांत दोरीवर कोण घालणार? हे आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगायला नको. साडीच्या आड, परकराखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवलेली दमट घडी किती जणींनी वापरली असेल! मुलींनी अडचणी सांगितल्या आणि बेत बदलत गेला. आता घडी गडद, फुलाफुलांच्या फ्लॅनेलची असते. उलगडली की नुसता चौकोनी रुमाल. उन्हात टाकली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. पदर सुटे होत असल्यानं ती थोड्या पाण्यात धुतली जाते आणि लवकर खडखडीत वाळते. तिच्याखाली ओल न झिरपणारा थर असलेली वेगळी पट्टी असते. ती टिचबटणांनी आतल्या चड्डीला बसते आणि घडी तिच्या दोन्ही टोकांत खोचायची. अंगावरून जास्त जात असेल तर दोन घड्या.

नक्षीचाही विचार करावा लागतो. लष्करी गणवेशासारखं छापील कापड अजिबात नको. युगांडात सामान्य माणसानं ते वापरणं गुन्हा आहे.

परदेशी मुलांसाठी शिवणारे गट मी बरीच वर्षं पाहतो आहे. उशीच्या अभ्र्याचे फ्रॉक पाठवणारे आहेत, लोकरीचे चौकोन विणून पांघरुणं जोडणारे आहेत. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण फ्रॉक पुष्कळदा शिवणाऱ्याला सोपा म्हणून निवडला जातो, आणि गावात शिंपी असताना बाहेरून फ्रॉकांचे गठ्ठे आले तर त्याच्या हातचं काम जातं. ही घडी मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण तिचा नमुना वापरणारीच्या तक्रारींवर घडला. शिवाय युगांडा, नेपाळ, ग्वातेमाला अशा देशांत तिथल्याच बायका आता या घड्या शिवतात, विकतात आणि मुलींना पाळीबद्दल शिकवतात.

तेव्हा ताई, घड्यांना सुती फ्लॅनेल घ्या, गडद आणि भरगच्च नक्षीचं. तुमच्याकडचं उरलेलं नवं सुती कापड त्या ठेवायच्या नाडीच्या पिशवीला चालेल. कापायच्या आधी संस्थेकडून सध्याचा नमुना मागवा, जुना वापरू नका. जुन्या सुती साड्या, चादरी मात्र फेकू नका. आपल्याच देशात 'गूंज' ही संस्था असल्या धुवट सुती कापडाचे पॅड करून गावोगावच्या बायकांपर्यंत पोचवते, तिच्याकडे द्या.

पेरू पुढच्या आठवड्यात.