ट्रेलरवरचं जुनं व्हिनाइल काढताय? आधी हे वाचा

कंटेनर ट्रेलरवरचं व्हिनाइल म्हणजे पीव्हीसीची पातळ फिल्म. उन्हाने तिच्यातला मऊपणा देणारा घटक निघून जातो, मग ती शेव-पापडीसारखी तुटते. छप्पर आणि दक्षिणेकडे उभी राहणारी बाजू सगळ्यात वाईट. तिथे नखाएवढेच तुकडे निघतात, धीर ठेवा!

हीट गनने हाताला सोसेल इतपतच तापवा आणि पत्र्यालगत, जवळजवळ उलटी दुमडून, सावकाश ओढा. सरळ बाहेर खेचली की फिल्म फाटते, गोंद मागे राहतो. जास्त तापवलं तर गोंदच वितळतो आणि पीव्हीसी करपलं तर निघणारा धूर घशाला घातक. पार चुरा झालेल्या फिल्मला ड्रिलवर लावायचं रबर व्हील बरं. पण वेग कमी आणि हात सतत फिरता हवा, नाहीतर रंग जळतो. रिवेटभोवती प्लॅस्टिकचं स्क्रॅपरच वापरा. लोखंडी पट्टी पाहिली की माझं डोकं फिरतं.

उरलेल्या गोंदाला संत्र्याच्या सालीच्या तेलाचा रिमूव्हर लावून थोडा वेळ मुरू द्या. रॉकेल वापरणार असाल तर हीट गन लांब ठेवा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

एवढं करूनही जुन्या लोगोची छाया दिसेल, कारण फिल्मखालचा रंग उडालेला नसतो. पॉलिशने ती फिकी होते, पुसली जाईलच असं नाही.