स्नोशू: गाडीत, पाठीवर की पायात?

आधीच्या व्याख्यानात कपड्यांबद्दल सविस्तर बोलणं झालंय, त्यामुळे मी थेट पायांकडे येतो. मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला गाठलं. म्हणाले, "सह्याद्रीत चाळीस वर्षं हिंडलो. आता मुलाकडे बॉस्टनला आलोय, तो म्हणतो हिवाळ्यात न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात जाऊ. दुकानात ते टेनिसच्या रॅकेटसारखं काहीतरी पाहिलं. ते खरंच लागतं का हो? बूट चांगले असले तर चालत नाही का?"

काका, तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. स्नोशू सोबत कधी न्यायचे, हा एक. आणि पायात कधी चढवायचे, हा दुसरा. बहुतेकांची गल्लत इथेच होते. "आज घालावे लागणार नाहीत" असं वाटलं की ते सोबतच नेत नाहीत.

आधी ते काम कसं करतात ते बघू. साधा हिशेब आहे. तुमचा बूट साधारण २८ सेंमी लांब आणि सरासरी ९ सेंमी रुंद, म्हणजे जवळपास २५० चौरस सेंमी. सॅकसकट तुमचं वजन ८० किलो धरलं, तर चालताना एका पायावर भार येतो तेव्हा दर चौरस सेंमीला ३२० ग्रॅम. स्नोशू ६३ सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद. गोल कोपरे वजा केले तर ११०० चौरस सेंमी. तेच ८० किलो, पण दर चौरस सेंमीला फक्त ७३ ग्रॅम. म्हणजे दाब चौथाईहूनही कमी. तरी लक्षात घ्या, ताज्या भुसभुशीत बर्फात स्नोशू घालूनही तुम्ही वीतभर खाली जाताच. फरक इतकाच की वीतभर जाता, मांडीपर्यंत नाही.

मांडीपर्यंत पाय जाण्याला इकडे पोस्टहोलिंग म्हणतात, म्हणजे खांब पुरायला खणतात तसले खड्डे. ऐकायला गंमत वाटते. मलाही वाटायची.

जानेवारी महिना होता. आम्ही दोघं क्रॉफर्ड पाथने माउंट पिअर्सवर निघालो. ही वाट १८१९ सालची. डोंगर १३१४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशेहून जास्त मीटर बुटका. वाट जाऊन-येऊन दहा किलोमीटर. गाडी लावली तिथे वाट इतकी मळलेली होती की सिमेंटचा रस्ताच जणू. मी स्नोशूंकडे बघितलं, दोन किलोंचा विचार केला आणि डिकी बंद केली. बुटांना मायक्रोस्पाइक्स लावले, म्हणजे रबरी पट्ट्याला साखळ्या आणि छोटे खिळे असतात ते. माथ्यापर्यंत मस्त गेलो. साडेबारा वाजलेले. मग कुणाला तरी, म्हणजे मलाच, सुचलं की आल्या वाटेने कशाला, दुसऱ्या बाजूने मिझपा हटवरून उतरू, पुढे तीच वाट परत मिळते. नकाशावर जेमतेम अडीच किलोमीटर.

आदल्या बर्फानंतर त्या बाजूला कुणी फिरकलंच नव्हतं. पहिली पन्नास पावलं गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. तेव्हाच परत फिरायला हवं होतं, पण उतारावर पाय खाली खाली जातात आणि माणूस म्हणतो, अजून थोडंच. थोड्या वेळाने मागे वळून बघितलं तर तोच चढ आपल्याच खड्ड्यांतून चढायचा! एका ठिकाणी माझा मित्र वाटेच्या कडेला गेला आणि कमरेपर्यंत नाहीसा झाला. तिथे छोटी स्प्रूसची झाडं बर्फाखाली गाडली जातात, फांद्यांखाली पोकळी राहते, वरून काही कळत नाही. त्याला ओढून काढायला दहा मिनिटं गेली. तेवढ्या अडीच किलोमीटरला आम्हाला तीन तास लागले. धडपडून अंगाला घाम, बुटांत बर्फ, मोजे ओले, हवा उणे बारा. जानेवारीत इथे पाचच्या आतच सूर्य मावळतो. गाडीपाशी पोचलो तेव्हा अंधार झाला होता, आणि माझ्या डाव्या पायाच्या दोन बोटांना आजही थंडीत सगळ्यांच्या आधी मुंग्या येतात. स्नोशू डिकीत कोरडे ठणठणीत! (हशा)

तेव्हा न्यायचे कधी? गाडी लावली तिथली वाट बघून हे ठरवू नका. प्रश्न असा विचारा: आज मी जाईन त्या सगळ्या उंचीवर, शिवाय वाट चुकलो किंवा बेत बदलला तर जिथे जाईन तिथेही, मळलेल्या वाटेबाहेर घोट्याच्या वर बर्फ असू शकतो का? असेल तर सोबत. वर वारा एका तासात मळलेली वाट बुजवतो. दिवसभरात बर्फ पडू शकतो. ऊन तापलं की सकाळची टणक वाट दुपारी पाय गिळायला लागते. या डोंगरांत भर हिवाळ्यात माझं उत्तर जवळजवळ नेहमी "हो"च असतं.

आणि घालायचे कधी? पाय रुतायला लागला की लगेच. तिसऱ्या-चौथ्या पावलाला घोट्याच्या वर गेलात की थांबा. "पुढच्या वळणानंतर बरं असेल" हे वाक्य मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. थांबायला पाच मिनिटं लागतात, पण घाम येऊन कपडे भिजायच्या आधीची ती पाच मिनिटं असतात. वाट पाडायची असेल तर पुढचा माणूस दर काही मिनिटांनी बदला. पुढे असणाऱ्याचे हाल मागच्यांच्या कितीतरी पट असतात.

ही नुसती स्वतःची सोय नाही, बरं का. तुम्ही खड्डे पाडले की रात्री ते गोठतात, आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याचा घोटा मुरगळायला तयार! न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅकच्या हाय पीक्स भागात तर आठ इंच, म्हणजे वीस सेंमी बर्फ असेल तर स्नोशू किंवा स्की घालण्याचा सरकारी नियमच आहे. न्यू हॅम्पशायरकडे हे रिवाजावर चालतं. तिथले जुने लोक मळलेल्या वाटेवरही स्नोशू घालून चालतात, वाट सपाट राहावी म्हणून. पूर्वी मला हा सोवळेपणा वाटायचा.

आता काढायचे कधी, हेही सांगतो. झाडांची रेषा संपली की वाऱ्याने बर्फ उडून जातो, खाली उरतो काचेसारखा कडक थर. तिथल्या तिरक्या, तीव्र उतारावर स्नोशूवर भरवसा ठेवू नका. खाली दात असतात खरे, पण एवढी मोठी फळी आडव्या उतारावर नीट टेकत नाही. तिथे क्रॅम्पॉन. खालच्या कडक मळलेल्या वाटेवर मायक्रोस्पाइक्स. म्हणजे एका दिवसात तीनदा पायातलं बदलावं लागतं, आणि हो, कंटाळा येतो.

काका, विकत लगेच घेऊ नका. दुकानात भाड्याने मिळतात. तुमचं एकट्याचं नाही, सॅकसकट वजन सांगा, त्यावर माप ठरतं. टाचेखाली उचलता येणारी तार आहे का बघा. चढावर पोटऱ्या वाचतात. पट्टे घरीच, हातमोजे घालून, चार वेळा लावून-काढून बघा.

कोण विचारतंय? हां, सॅकला कसे बांधायचे. तळ एकमेकांना लावून, दात आतल्या बाजूला. नाहीतर मागून येणाऱ्याचं जॅकेट फाटतं. तेही झालंय माझ्याकडून.