चोवीस सेकंदांची टिचकी

अमेरिकेतल्या हवाई पॅसिफिक हेल्थ या रुग्णालय-समूहाने ऑक्टोबर २०१७ मध्ये आपल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना एक विचित्र आवाहन केलं. रुग्णांच्या संगणकीय नोंदींत जे काही निरर्थक, किंवा सरळसरळ मूर्खपणाचं वाटतं, ते कळवा. कुमारवयीन मुलांची शुश्रूषा करणाऱ्या एका परिचारिकेने कळवलं की तिच्या पडद्यावर 'नाळ' नावाचा रकाना येतो. नवजात बाळांसाठी केलेला तो रकाना चुकून इतर वयाच्या रुग्णांनाही चिकटला होता. ही झाली गंमत. खरी गळती दुसरीकडे सापडली. दर तासाला रुग्णाकडे फेरी मारल्याची टिचकी परिचारिकेला संगणकावर मारावी लागे. एका टिचकीला २४ सेकंद. चार रुग्णालयांतले असे सेकंद जोडले, तेव्हा महिन्याला सुमारे १,७०० तास भरले. फेरी गरजेचीच होती, टिचकी नव्हती. ती काढून टाकली.

कामाच्या ताणावर तंत्रज्ञानाचा उपाय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेगळंच काही येतं. फोनवरचं ध्यानधारणेचं अ‍ॅप, झोप मोजणारं मनगटी घड्याळ, 'आज कसं वाटतंय?' असं रोज सकाळी विचारणारा चॅटबॉट. ही सारी साधनं माणसाला दुरुस्त करायला निघतात. हवाईतल्या मंडळींनी कामच दुरुस्त केलं, आणि माझ्या मते बर्नआउट टाळायचा खात्रीचा रस्ता तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळला गेलेला दीर्घकाळचा ताण असंच त्याचं मूळ सांगितलं. शक्ती संपणं, कामाविषयी मन विटणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन अंगं. दुखणं कामात असेल, तर औषध एकट्या कामगाराला पाजून कसं भागेल?

यावर कोणी म्हणेल, अ‍ॅप स्वस्त असतं, थोडा तरी उपयोग होतच असेल. ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची पाहणी तपासली. निष्कर्ष २०२४ मध्ये छापून आले. ध्यानवर्ग, ताण-नियोजनाचं प्रशिक्षण, मनःस्वास्थ्याची अ‍ॅप्स यांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळले नाहीत. अपवाद निघाला तो स्वयंसेवी कामाचा. एका वेळच्या पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. आधीच थकलेली माणसंच अशा अ‍ॅपकडे वळत असतील. शिवाय मध्यरात्री तळमळणाऱ्या एखाद्याला त्याचा आधार मिळतही असेल, तो कोणी हिरावून घेऊ नये. पण एवढ्या मोठ्या पसाऱ्यात फायद्याची पुसटशी खूणही दिसू नये, हे अ‍ॅप वाटून हात झटकणाऱ्या मनुष्यबळ विभागांनी मनावर घ्यायला हवं.

याउलट कामाच्या ओघात बदल केला की काय होतं, ते कॅलिफोर्नियातल्या संशोधक ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. १३ नोकरदारांचं ईमेल पाच दिवस बंद ठेवलं आणि हृदयाचे ठोके नोंदवणारी उपकरणं त्यांना बांधली. ईमेल चालू असताना ही माणसं तासाला सरासरी ३७ वेळा पडद्यावरच्या खिडक्या बदलत होती. बंद झाल्यावर १८ वेळा. ठोक्यांमधला सततचा सावधपणाही ओसरला. माणसं १३च, हे खरं. तरी दिशा स्पष्ट आहे. फोक्सवॅगनने २०११ मध्ये जर्मनीतल्या काही कर्मचाऱ्यांसाठी असंच काहीसं केलं: पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने फोनवर ईमेल येणं थांबे आणि दुसऱ्या दिवशी पाळीच्या अर्धा तास आधी सुरू होई. इथे संयमाची परीक्षा कर्मचाऱ्याला द्यावी लागत नव्हती, ती सर्व्हरकडे सोपवली होती.

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत हे चालणार नाही, क्लायंट अमेरिकेत आहे, हा पुढचा आक्षेप. पण रात्री कोणीतरी जागं असावं लागतं आणि रात्री सगळ्यांनी जागं असावं लागतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑन-कॉलची पाळी आळीपाळीने लावणारी, तातडीची सूचना त्या रात्री ज्याची पाळी आहे त्यालाच देणारी आणि बाकीच्यांचे फोन गप्प ठेवणारी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं वापरात आहेत. अडतं ते इच्छेपाशी.

साधनच ताण होऊन बसतं, याचं उदाहरण शोधायला दूर जायला नको. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच परत केले. पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर माहिती भरायची सक्ती, फोन मात्र कमी क्षमतेचे, अडकणारे आणि अ‍ॅप इंग्रजीत. ज्या हातांनी मुलाचं वजन घ्यायचं, ते हात गोल गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत थांबलेले. या बायकांना हवाईसारखा 'काय काढू?' हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला असता, तर फोन परत करायची वेळ आली नसती.

आता राहिला मोजमापाचा मुद्दा. ताण मोजलाच नाही तर कळणार कसा? मोजावा, पण मोजायचं काय? २०२० च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर'मध्ये कोणता कर्मचारी ईमेल, चॅट किती वापरतो हे नावानिशी दिसत होतं. टीकेचा भडिमार झाल्यावर कंपनीने नावं काढून टाकली. एका विभागात रात्री नऊनंतर किती निरोप गेले, आठवड्यात किती तास बैठकांत गेले, एवढं विनानाव कळलं तरी साहेबाला पुरेसं आहे. कोणाच्या छातीचे ठोके त्याला कळायची गरज नाही. आणि वाचलेल्या वेळात लगेच नवं काम कोंबलं, तर २४ सेकंद वाचवून उपयोग शून्य. हा धोका कोणतंही यंत्र टाळू शकत नाही.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं; पण १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा आपल्याकडे कायदा झालेला नाही. तेव्हा कायद्याची वाट बघत बसू नका. बहुतेक ईमेल सेवांमध्ये 'पाठवा'च्या शेजारीच वेळ ठरवून पाठवण्याची सोय असते. हाताखालच्या माणसासाठी रात्री अकराला सुचलेला निरोप सकाळी साडेनऊचा लावून ठेवा.