गठ्ठा कोणता वर, कोणता खाली

मद्रास विद्यापीठाने १९२४ साली गणिताच्या एका प्राध्यापकाला ग्रंथपालपदी नेमले आणि शिक्षणासाठी लंडनला धाडले. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी तिथल्या सेल्फ्रिजेस दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला. पट्ट्या आणि स्क्रू तेच, जोडणी बदलली की वस्तू नवी. पुस्तकाचा विषयही असाच सुट्या घटकांतून जोडावा, हे त्यांच्या मनाने घेतले आणि १९३३ मध्ये त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. आज ऑनलाइन दुकानात शोध घेतल्यावर डावीकडे भाषा, लेखक, किंमत, वर्ष असे फिल्टर दिसतात. त्यांमागचा विचार या ग्रंथपालाने संगणकाच्या कितीतरी आधी मांडला होता.

रंगनाथनांनी विषयाचे पाच मूलभूत पैलू मानले : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ. ‘फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार, त्यावरचे भारतातले १९५० चे संशोधन’ हा विषय घ्या. एल म्हणजे वैद्यक, ४५ फुप्फुस, ४२१ क्षय, ६ उपचार, २५३ क्ष-किरण; मग संशोधन, ४४ म्हणजे भारत आणि अखेरीस काळ. या क्रमामुळे फुप्फुसावरची पुस्तके फळीवर शेजारी येतात, भारतासंबंधीची मात्र वैद्यकाच्या कपाटांत विखुरतात. पुस्तकाला फळीवर जागा एकच, तेव्हा कोणाला जवळ आणायचे आणि कोणाला लांब ठेवायचे हे ठरवणे भागच होते. रंगनाथनांनी ते उघडपणे ठरवले आणि त्याची तत्त्वे लिहून ठेवली. त्यांच्या कामातले मला हेच सर्वांत मोलाचे वाटते.

संगणकाने फळीची अडचण मिटवली. योनिक सीली यांनी २००४ मध्ये सीनेट कंपनीत सोलर हे शोधयंत्र रचले; २००६ मध्ये ते अपाचे प्रतिष्ठानकडे गेले आणि सर्वांना फुकट मिळू लागले. आता वाचक भारतापासून सुरुवात करो की फुप्फुसापासून, वाट अडत नाही. पण पडद्यावर पैलूखाली पाच-दहा नावेच मावतात आणि ती बहुधा संख्येच्या उतरत्या क्रमाने लागतात. ज्याची पुस्तके जास्त तो प्रकाशक वर, छोटा प्रकाशक ‘आणखी पाहा’च्या मागे. निवड इथेही झालीच, फक्त ती कोणी केली आणि का केली, हे कुठे लिहिलेले नसते.

शिवाय ती संख्या तरी पुरती खरी असते का? मोठा साठा अनेक यंत्रांवर विभागलेला असतो. समजा, पहिल्या यंत्रावर अ प्रकाशकाची ५० पुस्तके, ब ची ४०, क ची ३९. दुसऱ्यावर ड ची ५०, इ ची ४०, क ची ३९. प्रत्येकाकडून वरची दोनच नावे मागवली, तर एकूण ७८ पुस्तकांचा क, म्हणजे सर्वांत मोठा प्रकाशक, यादीत येतच नाही. म्हणून शोधयंत्रे गरजेपेक्षा जास्त नावे मागवतात. सोलर दुसरी फेरी घेऊन यादीतल्या नावांचे आकडे नेमके करते, पण पहिल्या फेरीत कुणीच न सुचवलेले नाव तिलाही सापडत नाही. इलॅस्टिकसर्च हे दुसरे शोधयंत्र उत्तरासोबत चूक जास्तीत जास्त किती असेल तेही कळवते. वाचकाच्या पडद्यावर तो आकडा मी कधी पाहिलेला नाही.

सापडलेल्या नोंदींचे गट पाडले की गुंता वाढतो. ‘श्यामची आई’च्या आवृत्त्या एका गटात बांधल्या नाहीत, तर पहिले पान त्यांनीच भरेल. बांधल्या, तर गटाचा क्रम सहसा त्यातल्या सर्वांत चांगल्या जुळणाऱ्या नोंदीवरून लागतो. फिल्टरपुढचा आकडा मात्र नोंदींचाच राहतो : कंसात ४०, उघडल्यावर पुस्तके सात. गटांप्रमाणे मोजण्याची सोय सोलरमध्ये आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

मराठीत याहून मूलभूत काम बाकी आहे. एका नोंदीत साने गुरुजी, दुसरीत पांडुरंग सदाशिव साने, तिसरीत साने, पां. स. : यंत्राच्या लेखी हे तीन लेखक. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘अ’ला चंद्राची खूण जोडत. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. असा तुकड्यांत वाटला गेलेला लेखक संख्येच्या क्रमात आपोआप खाली घसरतो आणि पहिल्या दहांतून बाहेर पडतो. त्यावर उपाय जुन्या ग्रंथपालांचाच आहे : एका लेखकाची सगळी नावे एका प्रमाण नावाखाली बांधणारी यादी. ती आधी केली आणि मग नोंदी भरल्या, तर साने गुरुजी एकदाच दिसतात, आपल्या पूर्ण संख्येसह.