‘लाख’ आणि ‘लॅकर’

संस्कृत ‘लाक्षा’, प्राकृत ‘लक्खा’, मराठी ‘लाख’ ही परंपरा परिचित आहे. हाच शब्द अरबी-पोर्तुगीजमार्गे इंग्रजीत ‘लॅकर’ झाला व चिनी रोगणास लागला. वस्तुतः ते रोगण म्हणजे वृक्षाचा चीक. लाख हा कीटकाचा स्राव. तो चीक उपलब्ध नसल्याने इंग्रज कारागिरांनी चिनी धाटणीच्या कपाटांवर मद्यार्कात विरघळविलेल्या लाखेचे लेप चढविले. स्टॉकर व पार्कर यांच्या १६८८ च्या ग्रंथात ही कृती असून तिचे नाव ‘जपानिंग’. म्हणजे अस्सल चिनी रोगणास नाव लाखेचे, आणि लाखेने केलेल्या अनुकरणास नाव जपानचे! सावंतवाडीच्या लाखकामात मात्र नाव व द्रव्य यांची फारकत झाली नाही. तात्पर्य, व्युत्पत्तीवरून द्रव्य ठरविता येत नाही. शब्दाचा प्रवासमार्ग तेवढा उमगतो.