घरपट्टीची माफी : कोरेगावात काय मिळते, काय मिळत नाही

कोरेगाव तालुक्यात घरपट्टी या एकाच शब्दाखाली दोन वेगवेगळ्या कायद्यांचे कर वसूल होतात, आणि माफीविषयीचे बरेचसे गैरसमज या दुहेरीपणातूनच निघालेले दिसतात. कोरेगाव शहराची नगरपंचायत आणि रहिमतपूरची नगरपरिषद १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाखाली कर आकारतात. किन्हई, वाठार स्टेशन, पिंपोडे बुद्रुक यांसारखी गावे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली आणि त्याला जोडलेल्या १९६० च्या कर व फी नियमांखाली येतात. त्यामुळे पिंपोड्यातील नातेवाइकाला मिळालेली सवलत कोरेगाव शहरातील घरमालकाला मिळेलच असे नाही, आणि शहरातले दंडाचे गणित गावाला लागू पडत नाही.

सर्वांत खोल रुजलेला समज असा की घरात कमावते माणूस उरले नाही, आजारपणाने कर्ज झाले किंवा नोकरी गेली, तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज केला की घरपट्टी माफ होते. असा अर्ज देण्यास कोणी अडवत नाही. परंतु घरमालकाचे उत्पन्न घटले म्हणून त्या प्रमाणात त्याचा कर आपोआप कमी करणारी सर्वसाधारण तरतूद या व्यवस्थेत नाही, कारण हा कर मुळात मालमत्तेवरचा आहे आणि आकारणी करणारा घराचे क्षेत्रफळ, बांधकाम, वय व वापर पाहतो, घरातली चूल पाहत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९६४ मध्ये अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी घराचा कर उत्पन्नाच्या तुलनेत फार जड झाल्यास वरचा भार राज्याने उचलावा अशी पद्धत सुरू केली आणि पुढे अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. आपल्याकडे सूट दिली जाते ती व्यक्तीच्या हलाखीकडे पाहून नव्हे, तर विशिष्ट वर्गाला, विशिष्ट मुदतीत किंवा विशिष्ट रकमेवर. सरपंच किंवा नगराध्यक्ष ‘बघून घेतो’ म्हणतात तेव्हा ते प्रेमापोटी म्हणत असतील, पण एकट्याच्या शब्दावर कर माफ करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो.

दुसरा समज मुंबईहून आलेला आहे, आणि ज्या तालुक्यातील घरटी एक माणूस कधी ना कधी मुंबईत राहून आलेला असतो, तेथे तो येणे स्वाभाविकच होते. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ करण्याची घोषणा राज्य सरकारने १ जानेवारी २०२२ रोजी केली, ती बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपुरती. मुंबई महानगरपालिकेचा कायदाच स्वतंत्र, १८८८ चा आहे. त्यामुळे घाटकोपरच्या चाळीतील दोन खोल्यांना मिळणारी माफी कोरेगावच्या बाजारपेठेतील तेवढ्याच खोल्यांना मिळत नाही.

दुष्काळ जाहीर झाला की घरपट्टीही सुटते, असेही अनेकदा ऐकू येते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हाच्या सवलती पाहिल्या तर जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, टँकर आणि शेतीपंपांची वीजजोडणी न तोडणे, एवढ्या गोष्टी आढळतात. घरपट्टी त्यांत नाही. जमीन महसूल म्हणजे शेतसारा हे सरकारचे उत्पन्न असते आणि घरपट्टी हे स्थानिक संस्थेचे, ज्यातून दिवाबत्ती, गटारे आणि कर्मचाऱ्यांचे पगार चालतात, हा फरक तलाठ्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या पावत्या एकाच पिशवीत ठेवणाऱ्याच्या लक्षात येत नाही, इतकेच.

मग दिलासा कोठे आहे? तो बहुतांशी आकारणीतच दडलेला असतो, आणि नेमके तिकडेच कोणी पाहत नाही, कारण बिलावरचा आकडा ही वरून आलेली न बदलणारी गोष्ट आहे असा सार्वत्रिक समज आहे. ग्रामपंचायतीत २०१५ च्या अखेरच्या दुरुस्तीपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे जमीन आणि बांधकाम यांच्या सरकारी दराने काढलेल्या किमतीवर, बसते. क्षेत्रफळाला जमिनीच्या दराने गुणायचे, त्यात क्षेत्रफळ, बांधकामाचा दर आणि घसारा यांचा गुणाकार मिळवायचा आणि आलेल्या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचे, असे हे सूत्र आहे. घसारा म्हणजे घराच्या वयानुसार किमतीत धरलेली घट. भारांक निवासी वापराला १, औद्योगिक वापराला १.२० आणि व्यापारी वापराला १.२५ असतो. समजा, ५० चौरस मीटरचे सिमेंट काँक्रीटचे घर आहे, जमिनीचा दर चौरस मीटरला ६०० रुपये, बांधकामाचा १६,००० रुपये आणि घसारा लावून ७० टक्के मूल्य धरले आहे. जमिनीचे ३०,००० आणि बांधकामाचे ५,६०,००० मिळून ५,९०,००० रुपये होतात, आणि दर हजारी १२० पैसे दराने घरपट्टी ७०८ रुपये येते. हेच घर नवे म्हणून नोंदले गेले असेल, तर बांधकामाचे मूल्य ८,००,००० धरले जाऊन कर ९९६ रुपये होतो. आणि ओट्यावरची किराणा टपरी बंद होऊन दहा वर्षे झाली तरी तेवढा भाग नोंदवहीत दुकान म्हणूनच राहिला असेल, तर त्या भागावर सव्वापट आकारणी चालूच राहते. ही दुरुस्ती मागणे म्हणजे दया मागणे नव्हे.

नगरपंचायतीत पाया वेगळा आहे. तेथे घर भाड्याने दिल्यास वाजवीपणे जे वार्षिक भाडे येईल ते धरून, दुरुस्तीपोटी त्यातून दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य ठरवतात आणि त्याची फेरआकारणी दर चार वर्षांनी होते. यादी तयार झाल्यावर जाहीर सूचना निघते, कर नव्याने बसला किंवा वाढला असेल त्याला नोटीस जाते, आणि हरकत नोंदवण्यासाठी मुदत मिळते. सुनावणीतही समाधान झाले नाही तर कलम १६९ खाली अपील आहे. नोटीस दाराच्या फटीत सरकवलेली असते, घरचे लोक पुण्यात असतात आणि मुदत निघून जाते. पुढची चार वर्षे मग त्याच आकड्यावर कुरकुर चालते.

दंडाविषयी तर दोन्हीकडचे नियम एकमेकांत मिसळले गेले आहेत. ग्रामपंचायतीत वर्षाचा कर ३० सप्टेंबरपूर्वी भरल्यास पाच टक्के सूट आणि आर्थिक वर्ष उलटून गेल्यास पाच टक्के दंड, असा साधा व्यवहार आहे. शहरात मात्र कलम १५०अ प्रमाणे थकीत रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे विलंबाचा दंड, चढते. वर्षाला २४ टक्के या हिशेबाने चार वर्षे दोन महिन्यांत शास्ती मूळ कराएवढी होते, आणि ज्याला मूळ कर जड जात होता त्याच्यापुढे दुप्पट आकडा उभा राहतो. शास्ती माफ करणारी अभय योजना नगरपरिषदा व नगरपंचायतींमध्ये राबवता यावी म्हणून कायद्यात दुरुस्ती करण्यास राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मान्यता दिली, ती याच कारणाने. ‘अभय’ शब्दामुळे सगळेच माफ होणार असा अर्थ घेतला जातो. तसे नाही, सूट शास्तीवर असते, मूळ कर भरावाच लागतो. गावांकडे २०२५ च्या अखेरीस मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात याहून मोठी संधी आली, जिच्यात निवासी मालमत्तांच्या जुन्या थकबाकीत ५० टक्के सवलत होती. पण चालू वर्षाचा कर पूर्ण भरण्याची अट होती आणि ती राबवायची की नाही हे गावाने ठरवायचे होते.

लोकअदालतीची नोटीस हा आणखी एक धसका. ती खटल्याची नव्हे, तडजोडीची असते. तेथे कोर्ट फी लागत नाही आणि हप्ते पाडून मागण्याची ती सोयीची जागा आहे. उलट, कर थकवला तरी काहीच होत नाही हा समजही खोटा आहे, कारण बिल, मागणीची नोटीस आणि जप्ती हा क्रम दोन्ही कायद्यांत आहे. ग्रामपंचायत सदस्याला तर बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरल्यास सदस्यत्व गमवावे लागते, त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर काही जुनी खाती एकाएकी निरंक होताना दिसतात.

पूर्ण माफी ज्यांना खरोखर आहे असा वर्ग सातारा जिल्ह्यात मोठा आहे. मा. बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेने २०२० मध्ये ही सवलत सर्व माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांपर्यंत नेली. पूर्वी ती शौर्यपदकधारकांपुरती होती, आणि आता ती सर्वांना आहे हे अजून अनेक घरांत माहीत नाही. माफी एकाच मालमत्तेला मिळते, पाणीपट्टी वेगळी भरावी लागते आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. अडचण बहुधा दाखल्याची नसते, नोंदीतल्या नावाची असते. नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, ज्याच्या उताऱ्याला लोक मालकीचा कागद समजतात, तो मालकी सिद्ध करत नाही. पण सवलत मागताना पहिला प्रश्न त्यावर कोणाचे नाव आहे हाच येतो, आणि तेथे पुष्कळदा सैनिकाच्या वारलेल्या वडिलांचे किंवा आजोबांचे नाव असते, वारसनोंद न झालेले.