पात्यांची थरथर आणि संगणकाचा अंदाज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधील पात्याचे रंगीत संगणकीय चित्र पाहिले की दोन समजुती चटकन होतात : पाते खरोखर एवढे वाकते, आणि लाल दिसणारा भाग तुटणार आहे. दोन्ही चुकीच्या आहेत. असे चित्र बहुधा पात्याचा एखादा कंपनप्रकार दाखवते. पाते कोणत्या वारंवारतेला आणि कोणत्या आकारात थरथरू शकते हे त्यातून कळते. किती थरथरेल हे त्या गणितात नसतेच. वाकणे डोळ्यांना दिसावे म्हणून ते कित्येक पटींनी फुगवलेले असते. लाल रंगही बरेचदा सर्वाधिक हलणारा भाग दाखवतो, सर्वाधिक ताणाचा नव्हे. वाकण्याच्या पहिल्या प्रकारात टोक सर्वांत जास्त हलते, पण ताण बुडाशी एकवटतो. पात्याचे आयुष्य मात्र ‘किती’ या प्रश्नावर ठरते, आणि त्याचे उत्तर संगणकाच्या ताकदीपेक्षा त्याला पुरवलेल्या माहितीवर अधिक अवलंबून असते.

‘नैसर्गिक वारंवारता टाळली की काम झाले’ हा आणखी एक गैरसमज. त्यामागे तथ्य आहे. रोटर मिनिटाला 12,000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 200 फेरे होतात. त्याच्या पुढे 40 स्थिर पाती असतील, तर प्रत्येक फिरते पाते त्यांच्यामागच्या मंद हवेचे सेकंदाला 8,000 झटके खाते. पात्याची एखादी नैसर्गिक वारंवारता तेवढीच निघाली की अनुनाद होतो, आणि एक कोटी आवर्तने जेमतेम 21 मिनिटांत भरतात. धातूला थकवा येऊन भेग पडायला एवढे पुरू शकते. जनरल इलेक्ट्रिकमधील विल्फ्रेड कॅम्पबेल यांनी 1924 मध्ये वाफेच्या टर्बाइनच्या चकत्यांचा अभ्यास मांडला. वेग आणि वारंवारता यांच्या रेषा कुठे छेदतात हे दाखवणारा आलेख आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण विमानाच्या इंजिनाला मंद गतीपासून पूर्ण गतीपर्यंत जावेच लागते, त्यामुळे सगळे छेदनबिंदू टाळता येत नाहीत. जे टळत नाहीत तिथे कंपन किती वाढेल हे अवमंदनावर ठरते, म्हणजे कंपनाची ऊर्जा किती वेगाने जिरते यावर. पाते खाचेत बसवलेले असेल तर बुडाशी होणारे घर्षण थोडी ऊर्जा जिरवते, आणि हे घर्षण कंपनाच्या आकारासोबत बदलते. पाती आणि चकती एकसंध असलेल्या ब्लिस्कमध्ये हा आधारही नसतो. तिथे भिस्त मुख्यतः हवेवर राहते.

हवा मात्र दर वेळी ऊर्जा जिरवतेच असे नाही. बाहेरून एकही झटका नसताना पाते हलते, त्याच्या हालचालीने हवेचा दाब बदलतो आणि तो बदललेला दाब पात्याला आणखी ऊर्जा देतो, असेही घडते. हा फ्लटर. एका आवर्तनात हवा पात्याला ऊर्जा देते की त्याच्याकडून घेते, हा हिशेब एफ. ओ. कार्टा यांनी 1967 मध्ये मांडला आणि आजच्या संगणकीय पद्धतींच्या मुळाशी तोच आहे. हिशेब एका पात्यापुरता करून भागत नाही, कारण शेजारची पाती किती मागेपुढे हलतात यावर उत्तर बदलते. 36 पात्यांच्या चक्रात दहा-दहा अंशांच्या फरकाने अशा 36 शक्यता असतात, आणि त्यांतली एक जरी अस्थिर निघाली तरी धोका उरतो.

या हिशेबात सगळी पाती हुबेहूब सारखी धरलेली असतात. प्रत्यक्षात घडणावळीतले बारीक फरक राहतातच, आणि ‘एवढ्याने काय होते’ हा कदाचित सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. फरकांमुळे कंपनाची ऊर्जा मोजक्या पात्यांवर एकवटू शकते आणि त्यांचे कंपन सारख्या पात्यांच्या तुलनेत वाढते. डी. एस. व्हाइटहेड यांनी 1966 मध्ये या वाढीची सैद्धांतिक कमाल मर्यादा काढली : पात्यांच्या संख्येच्या वर्गमुळात एक मिळवून निम्मे करायचे. 36 पात्यांसाठी ती साडेतीन पट येते. दुसरीकडे, हाच असमानपणा फ्लटरला आवर घालू शकतो, म्हणून काही वेळा तो मुद्दाम ठेवला जातो. फरक नेहमी घातकच, हेही त्यामुळे खरे नाही.

यावर आक्षेप येतो की संगणक मोठे होत आहेत, उद्या पूर्ण चक्राचे अस्थिर प्रवाह सोडवले की प्रश्न मिटेल. काही अडचणी त्याने खरोखर सुटतील. पण अजून न घडवलेल्या पात्यांमधले फरक किंवा खाचेतले नेमके घर्षण कोणताही संगणक स्वतःहून सांगू शकत नाही. प्रवाहाचे गणितही निर्विवाद नाही. नासाच्या 36 पात्यांच्या ‘रोटर 37’वर 1994 मध्ये मोजमापे आधी न दाखवता संगणकीय अंदाज मागवले गेले, तेव्हा वेगवेगळ्या प्रणालींची उत्तरे एकमेकांशी आणि मोजमापांशी पुरती जुळली नाहीत, आणि तो प्रश्न कंपनाचा नव्हे, त्याहून सोप्या स्थिर प्रवाहाचा होता.

मग गणित सोडून थेट चाचणीच का करू नये? कारण चाचणीलाही मर्यादा आहेत. ताण मोजणारे स्ट्रेन गेज मोजक्याच पात्यांवर लावता येतात, आणि सर्वाधिक थरथरणारे पाते नेमके त्यांत नसू शकते. आवरणातील संवेदक प्रत्येक पात्याचे टोक कधी आले ते टिपतात, पण टोकाच्या हालचालीवरून बुडाचा ताण काढायला पुन्हा संगणकीय प्रतिरूपच लागते. म्हणून अमेरिकी विमान नियमांत इंजिनाची कंपन-पाहणी आवश्यक आहे, आणि ती अनुभव, विश्लेषण व सुट्या भागांच्या चाचण्या यांच्या मेळावर आधारलेली असावी लागते. एखाद्या सिम्युलेशनचा निकाल समोर आला, तर अवमंदन कुठून घेतले, पात्यांतला फरक किती धरला आणि उत्तर कोणत्या मोजमापाशी ताडले, हे विचारावे. ही तीन उत्तरे नसतील, तर चित्र कितीही सुबक असले तरी त्यावरून इंजिन उडवण्याचा निर्णय घेता येत नाही.